रक्तात जंतू निघाला, मग औषध का नाही?

प्रश्न : आई तापामुळे रुग्णालयात आहे. रक्ताच्या कल्चरमध्ये एका बाटलीत ‘स्टॅफिलोकोकस, कोॲग्युलेज निगेटिव्ह’ वाढला. डॉक्टर म्हणाले, ‘कातडीवरचा असावा, पुन्हा रक्त पाठवू.’ अँटिबायोटिक सुरू केलं नाही. हा हलगर्जीपणा तर नाही?

उत्तर : नाही. उलट रिपोर्ट नीट वाचला गेलाय, असं मी म्हणेन.

स्टॅफिलोकोकस हे घराण्याचं नाव. रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिले तर त्यातले सगळे सारखेच दिसतात, द्राक्षांच्या घडासारखे जांभळे ठिपके. १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर रोझेनबाख यांनी वाढवलेल्या जंतूंच्या मूळ रंगावरून दोन वेगळे काढले : सोनेरी तो ऑरियस, पांढरा तो आजचा एपिडर्मिडिस. पण रंग फसवतो. पांढरट ऑरियस मी स्वतः पाहिलेत. म्हणून आम्ही लॅबमध्ये एक तपासणी करतो : लहान नळीत सशाचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) घ्यायचा, त्यात जंतू कालवायचा आणि ३७ अंशांवर ठेवायचा. चार तासांनी नळी अलगद कलती करायची. ऑरियस असेल तर प्लाझ्मा दह्यासारखा थिजतो, नसेल तर पाण्यासारखा वाहतो. वाहिला तर २४ तासांनी पुन्हा बघतो. पण चार तासांचं बघणं मी कधीच चुकवत नाही, कारण काही ऑरियस आपणच केलेली गुठळी रात्रीतून विरघळवून टाकतात.

ऑरियस एकाच बाटलीत आला तरी मी लगेच वॉर्डात फोन करते. तो रक्तात असणं जिवावरचं असतं. आईच्या नळीतला प्लाझ्मा मात्र वाहिला; रिपोर्टातल्या ‘कोॲग्युलेज निगेटिव्ह’चा अर्थ हाच. असा जंतू बहुतेक वेळा सुई टोचताना कातडीवरून बाटलीत उतरतो. त्याच्यासाठी व्हॅन्कोमायसिनसारखं अँटिबायोटिक दिलं, तर फायदा शून्य आणि किडनीला त्रास.

तरी ‘निरुपद्रवी’ हा शब्द मला पुरता पटत नाही. शरीरात सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत ठेवलेली नळी), हृदयाची कृत्रिम झडप किंवा कृत्रिम सांधा असेल, तर हाच एपिडर्मिडिस त्यावर चिकट थर धरून बसतो, आणि तिथून त्याला हलवणं फार कठीण जातं. आईला यातलं काही असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, आधी सांगितलं असेल तरीही.

पुन्हा रक्त घेताना दोन वेगवेगळ्या जागी टोचतील. आई कुरकुरली तर समजवा. दोन्हीकडे हाच जंतू आला, तर त्याला कातडीवरचा म्हणून सोडता येत नाही. आणि टोचण्याआधी पुसलेली जागा पूर्ण सुकू द्यावी लागते. तेवढा वेळ हात हलवू नका, बोट लावू नका.