१९३९ च्या बाजार कायद्याखाली विनापरवाना खरेदी कशी सिद्ध करत?

मुंबई शेती उत्पन्न बाजार कायदा, १९३९ मध्ये कलम ४(२) चा रोख जागेवर होता: बाजारक्षेत्रात (सरकारने ठराविक मालासाठी जाहीर केलेल्या भागात) परवान्याशिवाय त्या मालाच्या खरेदी-विक्रीसाठी जागा वापरायची नाही. म्हणून आधी बाजारक्षेत्र जाहीर करणारी अधिसूचना दाखवावी लागे. गाव त्या क्षेत्रात हवं आणि मालाचं नावही अधिसूचनेत हवं. अधिसूचना कापसाची आणि पकडला भुईमूग, तर खटला तिथेच संपला.

खरा कस खरेदीच्या पुराव्यात. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या (१८७२) कलम ३४ नुसार नुसत्या हिशेबाच्या वहीवर कुणाला जबाबदार धरता येत नसे. माल घालणाऱ्या शेतकऱ्याची साक्ष, तोलाची चिठ्ठी आणि रोजकीर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) रक्कम एकमेकांशी जुळायला हवी असे. पंचनाम्यात काटा नि भरलेली पोती त्याच जागेत दिसायला हवी असत.

परवाना होता हे दाखवणं आरोपीकडे असे, त्याच पुरावा कायद्याच्या कलम १०६ मुळे: जी गोष्ट खास आपल्यालाच माहीत, ती ज्याची त्याने सिद्ध करायची (विनातिकीट प्रवाशाचं उदाहरण त्यातलंच). तरी फिर्यादी पक्षाने परवाना-नोंदवही हजर करणंच शहाणपणाचं असे.