मकरपुऱ्यातलं छोटं मशीन शॉप: नीट पैसे देणारं काम कुठे आहे

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) भाड्याची शेड, हप्त्यावर घेतलेलं एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), दोन लेथ, ग्राहक दोनच. व्हीएमसीला ताशी ४५० रुपये मिळतात आणि तेही चार महिन्यांनी. चांगले पैसे देणारे ग्राहक शोधायचे कुठे, असं विचारलंय.

आधी त्या ४५० कडे बघू. समजा महिन्याला मशीनचा हप्ता ४५,०००, ऑपरेटर २२,०००, भाडं १५,०००, वीज १२,०००, इन्सर्ट-एंडमिल-कूलंट (कापायची हत्यारं आणि थंड ठेवायचं पाणी-तेल) १५,००० आणि तुमचा स्वतःचा पगार ३०,०००. (तो धरायचाच. न धरणाऱ्यांचा धंदा कागदावर नेहमी फायद्यात असतो.) बेरीज १,३९,०००. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तासांनी भागलं की ताशी ६६८ येतात आणि बरेच जण इथेच थांबतात. पण सेटिंग, पहिला पीस तपासणं, मटेरियलची वाट बघणं, लाइट जाणं, ऑपरेटरच्या घरचं लग्न हे सगळं वजा केलं, तर बिल लावता येतील असे १२५ तास निघाले तरी खूप. त्यांनी भागा: ११०० च्या वर जातं, आणि यात नफा धरलेलाच नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण कोटेशन द्यायच्या आधी ते मांडा. उधारीचाही भाव असतो. १२ टक्क्यांनी चार महिने म्हणजे बिलाचे ४ टक्के गेले, वर जीएसटी पैसे यायच्या आधी खिशातून भरायचा.

आता ग्राहक. मोठ्या कंपनीच्या पर्चेसला (खरेदी विभागाला) जाऊन लॉटचं, म्हणजे एकसारख्या पुष्कळ नगांचं, काम मागाल, तर तुमच्याशेजारी असा माणूस उभा असेल ज्याच्या मशीनचे हप्ते कधीच फिटलेत. तो ४५० मध्येही टिकतो. त्याच्याशी दरावर भांडून उपयोग नाही. ‘भाव थोडो ओछो करो ने’ हे वाक्य जिथे पहिल्या दोन मिनिटांत येतं, तिथे चहा पिऊन निघावं.

पैसा आहे तो काहीतरी बिघडून काम अडलेल्या प्लांटमध्ये. नंदेसरी, पादरा, सावली या पट्ट्यांत केमिकल आणि फार्माचे कारखाने आहेत. तिथे पंपाचा शाफ्ट, स्लीव्ह, ॲजिटेटरचा बुश, कपलिंग असं काहीतरी सारखं जात असतं. पंप बंद राहिल्याचं नुकसान तुमच्या बिलाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे तिथला प्रश्न ‘केवढ्याला’ हा नसून ‘कधी’ हा असतो. बहुतेक वेळा ड्रॉइंगही नसतं, झिजलेला तुकडाच हातात देतात. त्याचं मूळ माप ओळखता येणं हीच तुमची किंमत. शाफ्ट ३९.८ मिमी भरतोय, पण वर बेअरिंग ६३०८ बसतं, म्हणजे सीट (बेअरिंग बसायची जागा) ४० चीच होती, आणि तीही घट्ट बसायला हवी, हे ज्याला कळतं त्याला कुणी ताशी दर विचारत नाही. अशा कामाला तासाचा हिशेब सांगूही नका. पूर्ण जॉबचा एकच आकडा द्या. काम झालं की मापांचं स्केच काढून टॅग लावून ठेवा. पुढच्या वेळी तोच शाफ्ट गेला की फोन तुम्हालाच येणार.

या लोकांपर्यंत पोचायचं मेन्टेनन्सवाल्यांकडून. पर्चेसचा कागद नंतर येतो. मेन्टेनन्सवाले सापडतात मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे, बेअरिंग आणि मेकॅनिकल सील विकणाऱ्यांकडे, हार्ड क्रोम करणाऱ्यांकडे (झिजलेल्या भागावर क्रोमचा थर चढवणाऱ्यांकडे). रिवाइंडिंगला आलेल्या मोटरची बेअरिंग सीट अनेकदा खाल्लेली असते आणि रिवाइंडिंगवाल्याकडे लेथ नसतो. त्याचीच कामं आधी धरा. रक्कम छोटी असते, पण पैसे लगेच मिळतात आणि तो तुमचं नाव पुढे सांगतो. शिवाय बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत कोयलीच्या रिफायनरीतून किंवा जीएसएफसी या खत कंपनीतून निवृत्त झालेले एखादे काका असतातच. लग्नकार्यात त्यांच्याशेजारी बसा. कुठल्या प्लांटचा मेन्टेनन्स हेड कामाची कदर करतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

एक अट मात्र आहे. रात्री दहाला फोन उचलावा लागेल आणि ‘उद्या चारला देतो’ म्हटलं तर चारलाच द्यावं लागेल. एसएस ३१६ (महागडं स्टेनलेस स्टील) सांगून स्वस्तातलं ३०४ लावणाऱ्याला या धंद्यात दुसरी संधी मिळत नाही. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट बिलाबरोबर जोडत जा.

जुन्या दोन ग्राहकांना लगेच सोडू नका, हप्ता त्यांच्यावर चाललाय. नवं काम येईल तसा पुढच्या पीओपासून (लेखी ऑर्डरपासून) दर वाढवून सांगा. एक तरी जाईल, जाऊ दे.

वसुलीचं थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी करा आणि नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशिरावर व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. प्रत्यक्षात ते व्याज क्वचितच कुणी मागतं. एप्रिल २०२४ मध्ये ४३बी(एच) या नावाने आयकरात आलेली तरतूद मात्र कामाला येते: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल, तर ग्राहकाला ते त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सला थकबाकीची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र नम्र भाषेत मेल करायचं. मालकापेक्षा त्यांचा सीएच जास्त घाबरतो. थकलेल्या बिलासाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण ती केली की तो ग्राहक संपला असं समजूनच करा.

आणि मटेरियल त्यांचं असेल तर स्क्रॅप कुणाचा हे पीओवर लिहून घ्या. गन मेटलचं (तांब्याच्या महाग मिश्रधातूचं) काम असेल तर काही वेळा सगळी कमाई त्यातच असते.