कासवाची 'उदरशीर' की 'उदरशिरा'?

नागपूरच्या एका प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: गोड्या पाण्यातल्या कासवाच्या यकृताची आकृती काढताना 'उदरशिरा यकृतात जाते' असं लिहायचं की 'जातात'? ती हिंदी पुस्तक वापरते आणि टिपणं मराठीत काढते.

'जातात' हेच बरोबर.

मराठीत मूळ शब्द शीर. एक शीर, दोन शिरा. एकीतून 'शिरेतून', अनेकींतून 'शिरांतून'. हिंदीत मात्र 'शिरा' हेच एकवचन. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात ही सरमिसळ जुनीच आहे, आणि बोलताना तिने काही बिघडतही नाही. आकृतीखाली मात्र बिघडतं. बेडकाच्या पोटाच्या भिंतीत मधोमध एकच उदरशीर असते; कासवात त्या दोन असतात, उजवी आणि डावी. मागचे पाय, शेपटी इकडचं रक्त घेऊन त्या पुढे येतात. कासवाचं यकृत मोठं आणि आडवं पसरलेलं, दोन मुख्य खंडांचं. उजव्या खंडाला पित्ताशय, डाव्याला लागून जठर. उजवी शीर उजव्या खंडात शिरते, डावी डाव्यात. म्हणजे इथे वचन चुकलं की प्राणीच बदलतो!

त्याच आकृतीत आणखी एक काळजी घ्यावी. 'यकृतशीर' हे नाव यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरेसाठीच राखावं. जठर-आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी ती हिपॅटिक पोर्टल व्हेन. तिला हिंदी पुस्तकं 'निवाहिका' म्हणतात. मला 'प्रतिहारी शीर' आवडतो: प्रतिहार म्हणजे दार, आणि पोर्टलच्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'पोर्टा'चा अर्थही तोच. हृदयाकडून रक्त आणणारी ती यकृत रोहिणी. तिच्याबद्दल वाद नाही.

काही जण म्हणतील, 'मानेची शीर आखडली' असं आपण स्नायूंबद्दलही बोलतो, मग 'नीला' हा नेमका शब्द का नको? 'नीला' सुंदर आहे, मीही एरवी वापरतो. पण 'शाळा'सारखंच त्याचं अनेकवचनही 'नीला'च. आकृतीतल्या नावाला क्रियापद नसतं, त्यामुळे नुसत्या 'उदर नीला' यावरून एक की दोन ते कळायचं नाही. कासवापुरती तरी 'उदरशिरा'च लिहा, आणि रेघ दोन्हींकडे ओढा.