काँगोतल्या खनिजांची परदेशी लूट थांबवायची तर काय करावं लागेल?

नुसत्या बंदीनं होत नाही, ते करून झालंय. 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष कबिलांनी पूर्वेकडच्या प्रांतांतलं खाणकाम बंद केलं. हातानं खणणाऱ्यांच्या चुली विझल्या, तस्करी चालूच राहिली. त्याच वर्षी अमेरिकेनं डॉड-फ्रँक कायदा केला: टँटलम, कथील, टंगस्टन, सोनं कुठून आलं ते कंपन्यांनी सांगायचं. मग खनिज कुठल्या खाणीतलं ते सांगणारे टॅग गोण्यांना लागले. पण टॅग गोणीला असतो, आतल्या मातीला नाही!

पूर्व काँगोतल्या रुबायाचं कोल्टन (ज्यातून टँटलम मिळतं ते खनिज) बघा. माणसं फावड्यानं डोंगर खणतात, गोण्या पाठीवरून उतरवतात. एप्रिल 2024 मध्ये एम23 बंडखोरांनी तो भाग घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते ते तिथून महिन्याला सुमारे 8 लाख डॉलर उकळत होते, आणि माल शेजारच्या रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जात होता. म्हणून गळा आवळायचा तो सीमेवर आणि खनिज वितळवणाऱ्या भट्टीपाशी. एकदा वितळलं की कोल्टन कुठल्या खाणीतलं हे कळणं मुश्कील.

कोबाल्टचं वेगळं आहे, तिथे बंदुका कमी, करारमदार जास्त. काढतो काँगो, शुद्ध होतं बहुतेक चीनमध्ये. 2025 मध्ये किन्शासातल्या काँगो सरकारनं निर्यात रोखून मग कोटा लावला. मला तरी तो डाव बरा वाटतो.