सिंहगडावर बारा महिने पुण्यापेक्षा जास्त थंडी असते का?

तुम्ही विचारलंय की सिंहगड पुण्यापेक्षा किती उंच आहे आणि त्यामुळे तिथे वर्षभर जास्त गारठा असतो का. उंचीचं सांगतो: गडमाथा समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर आहे, शहर ५६० मीटरच्या आसपास. म्हणजे फरक सुमारे ७५० मीटरचा. वर्षभर गारठ्याचं म्हणाल तर, तसं नाही. हिवाळ्यात पहाटे बरेचदा उलटंच होतं.

दिवसा हवा वर जाल तशी थंड होत जाते, हजार मीटरला ढोबळमानाने सहा अंश. म्हणून एप्रिलच्या दुपारी शहर भाजत असताना गडावर चार-पाच अंशांनी बरं वाटतं, त्यात वाराही असतो. पण डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारांवरून खाली सरकत मुळा-मुठेच्या खोऱ्यात साचते. पाषाण, शिवाजीनगर हे सखल भाग त्या हवेत बुडालेले असतात. अशा पहाटे गडावरचा पारा शहरापेक्षा वर असू शकतो. पुणे दरवाज्यापाशी उभं राहून खाली पाहिलंत तर धूर-धुक्याचा करडा थर खडकवासल्याच्या बाजूला सपाट पसरलेला दिसतो. तो थर म्हणजेच ती अडकलेली थंड हवा. मला सिंहगडाचं हे रूप सगळ्यात आवडतं, आणि पावसाळ्यात गर्दी करणाऱ्या बहुतेकांना ते माहीतच नसतं!

गड सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाही. तिच्यापासून पूर्वेकडे फुटलेल्या भुलेश्वर रांगेवर तो आहे. घाटमाथा बराचसा पाऊस आधीच काढून घेतो, तरी गडावर शहरापेक्षा पुष्कळ जास्त पडतो. जून ते सप्टेंबर माथा बहुतेक वेळ ढगातच. उत्तरेच्या डोणजे बाजूचं पाणी मुठेला मिळतं, दक्षिणेचं शिवगंगेतून नीरेकडे जातं. शेवटी दोन्ही भीमेतच.

खडक सगळा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. टणक थराचे कडे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून मुरमाचे उतार झाले. आतकरवाडीच्या पायवाटेने चढताना ही पायरी-पायरी पायांनाच कळते. पावसात हेच उतार भिजून सुटतात, घाटरस्त्यावर दरडी येतात आणि रस्ता बंद ठेवावा लागतो. जुलैत निघण्याआधी रस्ता चालू आहे का, याची चौकशी जरूर करा.

थंडीत पहाटे जाणार असाल तर जाड स्वेटर खरा लागतो तो पायथ्यापर्यंतच्या दुचाकीच्या प्रवासात. वर वाऱ्यासाठी एक पातळ विंडचीटर पुरेल. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारनंतर वळवाचे ढग दिसू लागले की उघड्या माथ्यावर थांबू नका, विजांचा धोका असतो.