किती पानं भरू, मॅडम?

पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की सोलापुरातली बारावीची मुलं माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: "इंग्रजीला पुरवण्या किती जोडल्या म्हणजे मार्क पडतात?" त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट, ओळख बदलून.

चार पुरवण्या जोडूनही तिचे मार्क घसरले होते. झोप उडाली होती.

"चार मार्कांना दोन पानं भरलीच पाहिजेत, नाहीतर सर वाचतच नाहीत."

"भरली'च'? हा 'च' कुणी लावला गं?"

ती गप्प झाली. पेपरपेक्षा हा 'च'च मुलांना जास्त छळतो, असं माझं ठाम मत आहे.

उत्तरपत्रिका उघडली. कादंबरीवरच्या प्रश्नात सुमारे 50 शब्द मागितले होते, हिनं दीडशेच्या वर लिहिले होते. नायक दयाळू आहे, हे तीनदा. शेवटचा प्रश्न कोरा. लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ 180 मिनिटं, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. चार गुणांना नऊ. हिनं तिथं वीसेक घालवली होती. हिशेब तिला पटला, भीती मात्र गेली नाही.

तिसऱ्या भेटीला आई सोबत आली. त्या बिड्या वळतात. मी मुद्दाम विचारलं, "ताई, हजार बिड्या नेल्या की हजारांची मजुरी मिळते?"

"कुठलं मॅडम! सैल, वाकड्या निघाल्या की छाट काढतात."

मुलगी आईकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या उत्तरात छाटच जास्त आहे."

मी काहीच बोलले नाही. तो प्रश्न मला नेमका तेव्हा सुचला, याचं समाधान आजही वाटतं.

म्हणून दोन ओळींत उत्तर आटपायचं, असंही नाही हं. कवितेच्या रसग्रहणात आशय, अलंकार, संदेश आणि स्वतःचं मत यायला हवं, आणि त्याला जागा लागते. मुद्दा सांगा, कवितेतली ओळ दाखवा, पुढं चला. दहा-बारा शब्द जास्त झाले तर बिघडत नाही. तोच मुद्दा फिरून येतो, तिथं वेळ जातो आणि पुढचा प्रश्न उपाशी राहतो.

पुढच्या भेटीत तिनं तेच उत्तर आणलं. पेन्सिलीनं सात ओळी खोडलेल्या, प्रत्येकीसमोर समासात लिहिलेलं: 'छाट'. खाली नवं उत्तर, 62 शब्दांचं. कोपऱ्यात वेळ: आठ मिनिटं.