हेवी मेटलमधला सर्वात प्रभावी गिटारवादक कोण?
ब्लॅक सॅबथ या बँडचा टोनी आयोमी. दुसऱ्या नावावर वाद घाला, पहिल्यावर नको. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. मग त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये तर काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली: तारा सैल, आवाज जड. बरेच मेटलवाले आजही खालीच ट्यून करतात. मात्र प्रश्न सोलोतल्या करामतींचा असेल, तर १९७८चा एडी व्हॅन हेलन (टॅपिंग, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टिचक्या मारत वाजवणं, त्याच्या आधीही होतं, पण वेड त्याने लावलं).